सातपैकी सात

जोझाया रीडनं रविवारी बोटं उघडली
एकेक करून, जाळ्यातून खेकडे सोडवावेत तशी.
"या वीस वर्षांत सात पोरं गेली विद्यापीठात.
सातपैकी सात सभेला मुकली."
बाकांवर कुणी बोललं नाही,
पण प्रत्येकानं आपापल्या मांडीवर
बोटं मोजून पाहिली.

मीही पाहिली.
सातवं बोट माझी बहीण.

एल्स्पेथ. दहाव्या वर्षापासून
धक्क्यावर हॅडकच्या पेट्या मोजायची.
व्यापारी वरचे मासे बघून भाव करायचे,
ही मला कोपरखळी मारायची:
"वर मोठेच ठेवतात, गिल्बर्ट.
तळापर्यंत हात घाल."

अ‍ॅबर्डीनला गेली ती देव टाकायला नव्हे.
ट्रंकेत बायबल होतं,
आईनं विणलेला डोकीचा रुमाल,
ओटच्या बिस्किटांचा डबा,
संख्याशास्त्राला जागा मिळाल्याचं पत्र.
आणि दर शनिवारी घरी येईन, असं वचन.
सत्तेचाळीस मैल, बसनं पावणेदोन तास.
तेवढ्या रस्त्यात माणूस बदलून किती बदलणार?

पहिल्या शनिवारी टेबल एकच होतं.
तिसऱ्या शनिवारी दोघे वडीलधारे आले,
बसले, आणि चहाला हात लावला नाही.
चौथ्या शनिवारी दुसरं टेबल आलं,
शिवणाचं, घडीचं,
एक पाय आखूड असलेलं.
वाळीत टाकलेल्याच्या पंगतीला बसायचं नसतं.

आमच्या टेबलापासून ते एक वीत लांब होतं.
एकच वीत. मी मोजली आहे.
तिला मीठ हवं तर आम्ही ते खिडकीत ठेवायचं,
हात मागे घ्यायचा,
मग तिनं उचलायचं.
आई तिच्याकडे पाठ करून बटाटे वाढायची
आणि नेमके मोठे बटाटे तिकडे जायचे.
बाबा प्रार्थना म्हणत, डोळे घट्ट मिटून.
एल्स्पेथचं आमेन
आमच्या आमेनमागून यायचं, पाय हलू नये म्हणून टेबल धरलेलं.

एकदा मागच्या पायऱ्यांवर, अंधारात, मी विचारलं,
"काय शिकवतात गं तिथं? देव नाही असं?"
ती हसली.
"देवाचा विषयच निघत नाही रे.
परवा सर फळ्यापुढे थांबले,
खडू खाली ठेवला, म्हणाले, हे मला माहीत नाही.
आणि छत कोसळलं नाही, गिल्बर्ट.
पोरांनी खाली तारीख टाकली आणि पुढे लिहायला लागली."

नऊ नंबरच्या वाऱ्यात
होडी आडवी झालेली मी पाहिली आहे.
एवढा घाबरलो नव्हतो.
आमच्यात माहीत नसणं
बायकांचं आणि समुद्राचं.

ख्रिसमसच्या आधी ती यायची थांबली.
आखूड पायाच्या टेबलाला कंटाळून की
आईच्या पाठीला, मला ठाऊक नाही.
सभेनं तिचं नाव वाचलं,
मग सगळे म्हणाले, पाहिलंत? पुस्तकांनी नेली.

म्हणून रविवारी मला उभं राहायचं होतं.
विचारायचं होतं, जोझायाकाका,
घडीचं टेबल कोणत्या बोटावर मोजलंत?
आणि तो पीटर, तेलविहिरीवर गेला तो,
शाळाही पुरी केली नव्हती त्यानं,
बार्बरा, जी नुसतीच एका सकाळी निघून गेली,
त्यांना बोटं का नाहीत?
आणि जे रोज इथं येऊन बसतात
आणि इथं नसतात?
तळापर्यंत हात घाला.

उभा राहिलो, हे खरं.
पण सगळेच उभे राहिले होते, स्तोत्रासाठी.
मी ते पाठ म्हटलं, चारही कडवी.

टेबल आता होडीच्या शेडमध्ये आहे.
आखूड पायाखाली मी दोराचा तुकडा सारलाय.
रात्री त्यावर तिचं राहून गेलेलं पुस्तक उघडतो,
तिसरं प्रकरण, नमुना कसा निवडावा.
चौथ्या ओळीपाशी अडलो.
समासात पेन्सिलनं लिहिलं,
हे मला माहीत नाही.
खाली तारीख टाकली.

पत्रा जरा वाजला. वारा होता.
चारला होड्या सुटतात.